ठमीचा दूधभाऊ

पाणी तपासण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथल्या फ्रिजवर एक सूचना चिकटवलेली आहे: ‘नमुन्यांखेरीज आत काहीही ठेवू नये.’ बाळंतपणाची रजा संपवून परतले त्या सकाळी मी साहेबांना विचारले, मग माझे दूध कुठे ठेवू? साहेब सज्जन. नियम मोडणे त्यांच्या रक्तात नव्हते आणि मला नाही म्हणणे त्यांच्या जिभेवर येत नव्हते. बराच वेळ चष्मा पुसून ते म्हणाले, “नमुना म्हणून ठेवा.”

म्हणून माझ्या बाटलीला क्रमांक मिळाला, तारीख मिळाली. चिठ्ठीवर ‘स्रोत’ असा एक रकाना असतो. विहीर, नदी, नळ असे काहीतरी तिथे लिहायचे. मी आडवी रेघ मारली.

घरी मुदत ठरली होती. आठवडाभरात माझी लेक ठमी बाटलीने प्यायला लागली तर माझी नोकरी टिकणार, नाहीतर राजीनामा. ठरवले सगळ्यांनी मिळून. राजीनामा मात्र एकटीचा.

तहान लागण्याआधी विहीर खणावी म्हणतात, ती मी तीन महिने खणत होते. दवाखान्यातल्या सिस्टरनेच सांगितले होते, “बाळ एकीकडे पीत असताना दुसरीकडे दूध काढायचा पंप लावा. पान्हा फुटतो तो दोन्हीकडे एकदमच.” तेव्हापासून उजवीकडे ठमी आणि डावीकडे पंप, दिवसातून आठ वेळा, कधी नऊ. ठमी डोळे मिटून प्यायची. पंप आपला हिरवा डोळा उघडा ठेवून घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स करत राहायचा. मधे मी, दोन काठांना जोडणाऱ्या पुलासारखी, कुठेही न जाणारी. आजच्या भुकेच्या तोंडातून काढून उद्याच्या भुकेसाठी गोठवून ठेवायचे, यालाच दूरदृष्टी म्हणतात. नवरा दुधाच्या गोठलेल्या पिशव्या गवंड्याच्या तन्मयतेने एकावर एक रचत असे.

सासूबाईंना या देखाव्याची भारी गंमत वाटे. “ठमे, आटप गं,” त्या म्हणायच्या. “तुझा दूधभाऊ बघ कसा मुकाट्याने पितो. नाहीतर तू! अर्धं पोटात, अर्धं गळ्यावर.”

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सासूबाईंचा फोन आला.

“अगं, तोंडच फिरवते. बाटली झाली, वाटी झाली, चमचा झाला.”

“आई, माझा गाऊन पांघरून बघा ना. वासाने फसेल.”

“बघितलं ते पण. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि असं भोकाड पसरलं, की मलाच माझी लाज वाटली.”

दुसरा दिवस तसाच. तिसराही. चार-सहा चमच्यांवर ठमी दिवस काढी आणि दिवसभराचा उपास संध्याकाळी माझ्यावर सोडी, डावीकडे अर्थातच दूधभावाला घेऊन. फ्रीजरमध्ये दुधाची भिंत होती आणि भिंतीपलीकडे उपाशी मूल. चौथ्या दिवशी सकाळी मी राजीनाम्याचा मसुदा लिहून पर्समध्ये ठेवला. भाषा चांगली उतरली होती, याचेही मला वाईट वाटले.

त्या दिवशी फोन अवेळी आला. मी रसायनांच्या खोलीत आम्लांच्या बरण्यांकडे पाठ करून बसले होते, पंप चालू होता.

“मी स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवलाय,” सासूबाई म्हणाल्या. “ऐक, तूच ऐक आता तुझ्या लेकीला.”

मी ऐकले. आणि ऐकता ऐकता रडणे थांबले. एखादी खिडकी कुणी ओढून घ्यावी तसे.

“आई? काय झालं? आई!”

“गप. पितेय.”

“काय?”

“बाटलीनं पितेय! तुझ्याकडे ते घुर्र-फुस्स चाललंय ना? बंद कर बघू.”

मी बंद केले. पलीकडे भोकाड. सुरू केले. पलीकडे शांतता, आणि त्या शांततेत गटगट. मी प्रयोगशाळेतली बाई. एका चाचणीवर विश्वास ठेवत नाही. तीनदा बंद केले, तीनदा सुरू केले. निष्कर्ष बदलला नाही.

“अगं, दूधभाऊ शेजारी नसेल तर ही जेवायलाच बसत नाही की!” सासूबाई हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

काखेत कळसा म्हणतात तो हाच. लेकीच्या भुकेची किल्ली मी रोज सकाळी पिशवीत घालून ऑफिसात आणत होते.

मी तिथल्या तिथे पंपाचा आवाज मोबाइलवर टिपला, चौदा मिनिटांचा, आणि घरी पाठवला. दुपारी ठमीने त्यावर आणखी एक बाटली रिकामी केली. नोकरी वाचली. मसुदा मी फाडला. आनंदाच्या भरात पंप रसायनांच्या खोलीतच विसरून घरी आले.

ठमीला उजवीकडे घेतले. तिने दोन घोट घेतले, सोडले. मान वळवून माझ्या डावीकडे पाहिले. तिथे मी होते, फक्त मी. दूध तिच्या गालावरून ओघळत होते आणि ती वाट बघत होती.

“रेकॉर्डिंग लावू?” नवऱ्याने दारातून विचारले.

“नको,” मी म्हणाले, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

तो गेल्यावर मी दार लोटून घेतले. तिच्या कानाशी तोंड नेले आणि ज्या तोंडाने एके काळी कविता पाठ म्हणत असे, त्याच तोंडाने म्हणाले, “घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.”

ठमीने माझ्याकडे नमुना तपासावा तसे पाहिले. शंका होती, पण भूक मोठी होती. डोळे मिटून ती प्यायला लागली.

“अगं,” स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “पंप आणलास ना ऑफिसातनं? मला वाटलं विसरलीस.”

मला उत्तर देता येईना. फुस्सची वेळ झाली होती.