अकरा मिनिटांचं भाषण

आमच्या लिनहे गावात शंभरेक घरं, आणि त्यातली सत्तर घरं लाकडी ठसे कोरून जगायची. नाशपातीच्या लाकडाची फळी, तिच्यावर उलटं कोरलेलं चित्र, मग शाई आणि कागद. नवं वर्ष आलं की सगळा शानतुंग प्रांत आमच्याकडची द्वारपाल देवांची चित्रं दारांवर चिकटवायचा. मी आणि फांग जिंगहे एकाच उस्तादांकडे शिकलो. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. त्याचा हात चांगला होता, माझं तोंड चांगलं होतं. पुढे जे काही झालं ते एवढ्याशा फरकामुळे झालं.

एक्कावन्न साली तालुक्याहून कॉम्रेड गे आले. द्वारपालांचे दिवस संपले, आता दारांवर ट्रॅक्टर चालवणारी बाई हवी, असं त्यांनी सांगितलं. गावात ट्रॅक्टर कुणीच पाहिला नव्हता. न पाहिलेली वस्तू मी कोरत नाही, असं म्हणून दादा मोकळा झाला. मला ती अडचण नव्हती. द्वारपाल तरी मी कुठे पाहिले होते? वर्तमानपत्रातल्या नखाएवढ्या फोटोवरून मी तीन दिवसांत ट्रॅक्टर कोरला, त्याला भक्कम धुरांडं दिलं आणि बाईला लालबुंद गाल. गे साहेबांनीही ट्रॅक्टर पाहिलेला नसावा, कारण ते खूश झाले. मला बक्षीस म्हणून इनॅमलचा मग मिळाला. सहकारी कारखाना निघाला तेव्हा त्याचा प्रमुखही मीच झालो. दादा माझ्या हाताखाली चित्रात रंग भरायच्या दुय्यम फळ्या कोरू लागला. त्याने तक्रार केली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. प्रमुखाला इतर बरीच कामं असतात.

अठ्ठावन्न साली भरघोस पिकाचं चित्र मागवलं गेलं. मी मक्याचं एक कणीस कोरलं आणि त्यावर तीन पोरं घोड्यासारखी बसवली. गे म्हणाले, पाच बसवा. मी कणीस लांबवलं. ते चित्र गावाच्या प्रत्येक भिंतीवर कणकेच्या खळीने चिकटवलं गेलं. दोन वर्षांनी आम्ही झाडांच्या साली उकळून खात होतो. एक दिवस शेजारची शेंग आजी माझ्या भिंतीवरचं कणीस हळूहळू सोलून काढताना दिसली. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मागे कणकेची खळ आहे, पाण्यात उकळली की पेज होते. मग कागदाची घडी घालत माझ्याकडे बघून म्हणाली, "तान, जरा लहान कोरायचं होतंस रे. निदान खरं तरी वाटलं असतं."

माझ्या चित्राने कुणाचं पोट भरल्याचा तो एकमेव प्रसंग. तोही मागच्या बाजूने.

सहासष्ट साली जिल्ह्याच्या शाळेतली मुलं दंडाला लाल पट्ट्या बांधून आली आणि जुनं ते सगळं नष्ट करायचं म्हणून गावातल्या जुन्या फळ्या मैदानात रचून त्यांनी पेटवल्या. दादाच्या घरी उस्तादांच्या हातच्या चाळीस फळ्या निघाल्या. त्याला बाकावर उभं केलं आणि त्याच्याविरुद्ध कोण बोलणार, असं विचारलं. कुणी मला ढकललं नाही. मी आदल्या दिवशीच भाषण लिहून ठेवलं होतं आणि बायकोला म्हणूनही दाखवलं होतं. ती ऐकून घेऊन भांडी घासायला गेली होती. मी अकरा मिनिटं बोललो. 'विष' हा शब्द सात वेळा वापरला. दादा खाली मान घालून ऐकत होता. मध्येच एका ठिकाणी मी अडखळलो, तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं. शाळेत एखादा पाठांतर विसरला की मास्तर पाहतात ना, तसं. त्याला वीटभट्टीवर पाठवलं.

नवव्या दिवशी माझी पाळी आली. माझ्या एका चित्रातला सूर्य ढगाआड अर्धा झाकलेला होता, तेव्हा सूर्य म्हणजे पक्षाचे अध्यक्ष, आणि यातून मला काय सुचवायचं आहे हे त्यांना नेमकं कळलं होतं. मला स्वतःला ते त्या दिवशी कळलं. माझ्या गळ्यात गुन्हा लिहिलेली पाटी अडकवली. पाटी नाशपातीची होती, चांगली मुरलेली, एक गाठ नाही. एवढं लाकूड वाया गेलं याचंच मला वाईट वाटत राहिलं, यावरून माझ्या क्रांतिकारक जाणिवेची कल्पना यावी.

मलाही त्याच भट्टीवर पाठवलं, त्याच छपरीत, दादाच्या शेजारच्या फळकुटावर. चौदा महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग एकदा दुपारी आम्ही ज्वारीचे मुटके खात बसलो होतो, तेव्हा तो अचानक म्हणाला, "तुझ्या त्या ट्रॅक्टरवर बाई उलटी बसली आहे."

मला कळेना. मग त्याने सांगितलं की बावन्न साली तो दिवसभर चालत सरकारी शेतावर जाऊन ट्रॅक्टर बघून आला होता. मोठी चाकं मागे असतात, आणि मी बाईचं तोंड मोठ्या चाकांकडे केलं होतं.

"दादा, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तो इनॅमलचा मग घेऊन मिरवत होतास. काय सांगायचं?"

मी हसलो. तो हसला नाही, पण त्याने त्याच्या वाडग्यातली मुळ्याची एक फोड माझ्या वाडग्यात टाकली.

त्याच भट्टीवर विटांची गाडी उलटून दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. एकोणऐंशी साली आम्ही गावी परतलो, तर नवे अधिकारी जुने द्वारपाल मागत आले. परंपरा जपायची होती म्हणे. फळ्या तर जळल्या होत्या. दादाला प्रत्येक रेघ पाठ होती, पण कोरणी धरता येत नव्हती. माझे हात शाबूत होते, पण शिकताना माझं लक्ष भलतीकडे असल्यामुळे मला काहीच आठवत नव्हतं. दोघांचा मिळून एक कारागीर झाला. तो डाव्या हाताने चित्र काढायचा, मी कोरायचो, आणि तो दिवसभर मला झापायचा.

एक दिवस द्वारपालांमधल्या एका सेनापतीची दाढी कोरताना मी धीर केला. "दादा, त्या सभेत मी जे बोललो..."

"माफी मागू नकोस," तो म्हणाला. "मागितलीस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. माझ्याकडे ते नाही. दाढीकडे बघ, केस तुटतोय."

मी दाढीकडे बघितलं. केस तुटत होता.

सात वर्षांत आम्ही तेवीस फळ्या केल्या. चोविसावी घोड्यावरच्या सेनापतीची. तिचं चित्र अर्धं झालं असताना दादा गेला. घोड्याचे मागचे पाय राहिले होते. मी सात-आठ वेळा काढून पाहिले, दर वेळी कुत्र्याचे झाले. शेवटी ती बाजू कोरीच ठेवली आणि तसंच छापलं. खाली फक्त त्याचं नाव घातलं.

राजधानीतले एक प्राध्यापक मागच्या महिन्यात ते चित्र बघून गेले. त्या कोऱ्या जागेसमोर ते बराच वेळ उभे होते. एवढं धाडस कुठून आलं, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की मला घोड्याचे पाय येत नाहीत. ते हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.