माझं वाईट कुणी बोललं नाही

मित्रांनो, मी एक जुना मतांबा आहे, रानफळाचं झाड. तुमच्यापासून दूरदेशी, सावे नदीच्या अलीकडे, मुकारो म्हाताऱ्याच्या अंगणाच्या कडेला उभा असतो. अंगावर काटे आहेत आणि स्वभावही तसाच. कुणी खाली येऊन थांबलं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो. तुमच्या रानातला विषारी काजरा माझ्याच भाऊबंदांपैकी, तेव्हा लोकांनी माझा संशय घेतला तर मला नवल वाटू नये.

मला कुणी लावलं नाही. एका माकडाने फळ फोडलं, गर चोखला आणि बी थुंकून टाकलं. बी चावायचं नसतं हे त्या माकडाला ठाऊक होतं. माझं फळ कवठासारखं टणक. हिरवं असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. पिवळं झालं की दगडावर आपटून आंबटगोड गर खावा. लोक तो वाळवून टंचाईसाठी ठेवतात. रिकाम्या कवचात मुकारो तपकीर ठेवतो.

इथली एक रीत आहे. रानफळाच्या झाडाखाली उभं राहून त्याला नावं ठेवायची नाहीत. कडू म्हटलं तरी रान रागावतं आणि माणसाला वाट चुकवतं. त्यामुळे साठ वर्षं मी फक्त स्तुतीच ऐकली. खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मुकारोच्या घरी रुनाको सून म्हणून आली. शहरात वाढलेली पोर. माझ्या सावलीत तिने सासूला विचारलं, "आई, यातलं खायचं काय आणि टाकायचं काय?"

"सगळं गोडच आहे हो त्याचं!" सासू वर बघत घाईघाईने म्हणाली. "झाडाखाली असलं विचारू नये गं."

दुसऱ्या दिवशी रुनाकोने उखळात गर बियांसकट कुटला. वाया काही जायला नको म्हणून. मला राहवेना, तिला थांबवायला मी एक फळ तिच्या पायाशी टाकलं. "अगंबाई, अजून एक!" म्हणत तिने तेही कुटलं. मग नाचणीच्या पेजेत ते घालून वर भरपूर मध ओतला. घरात पहिला घास सासऱ्याचा. मुकारोने वाडगा चाटून पुसून संपवला आणि बाकीच्यांना वाढण्याआधीच तो ओकत आडवा झाला. हातपाय ताठ झाले. बैलगाडीतून त्याला दवाखान्यात नेलं.

"शहरातून गाठोड्यात काय बांधून आणलंस? बोल!" सासू कडाडली.

"आई, मी नुसती पेज केली."

"चाळीस वर्षं मीही पेजच करतेय. माझ्या हातची खाऊन कधी आडवे झाले नाहीत!"

शेजारणी कुजबुजल्या. सकाळी तिला कायमची माहेरी पाठवायचं ठरलं. पोर माझ्या खोडाला टेकून रडत होती, आणि माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, अरे, माझा संशय घ्या!

सकाळी मुकारोची बहीण शुवाई आली. नव्या सुनेला शिकवणं इथे नवऱ्याच्या आत्याकडे असतं. तिलाही संशय होताच. तिने गाठोडं उलटं केलं. दोन झगे, एक फणी आणि साबणाची वडी निघाली. मग तिची नजर उखळाकडे गेली. नखाने तिने तळ खरवडला, बियांचे तुकडे तळहातावर घेतले आणि सगळ्यांपुढे धरले.

"ऐका गं सगळ्या," ती मोठ्याने म्हणाली. "या झाडाच्या बिया विषारी आहेत. हिरवं फळही विषारी आहे."

"वन्सं! अहो, झाडाखाली..."

"वाट आपण आधीच चुकलोय, वहिनी. हिला सांगायचं काम माझं होतं. मीच तोंड शिवून बसले." मग तिने रुनाकोचे झगे स्वतःच्या हाताने घडी करून घरात नेऊन ठेवले.

चौथ्या दिवशी मुकारो परतला. काठी टेकत उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "सूनबाई, पेज आण. बिया तेवढ्या काढ हं." रुनाको हसली, आणि मग तिला रडू फुटलं.

आता प्रत्येक उन्हाळ्यात शुवाई पोरांना माझ्याखाली बसवून माझे दोष सांगते. पहिल्यांदा मला फार झोंबलं. पण मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझी स्तुती खुशाल घरी बसून करा. माझ्याखाली आलात की आधी माझं वाईट बोला, आणि नव्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोला.