खांद्यावरची थाप

“पडलात परत,” शिलाईवरची नजर न काढता कमल म्हणाली.

टीव्हीच्या पडद्यावर एक लाल मोटरसायकल गवतात आडवी झाली होती आणि तिच्यावरचा हेल्मेटवाला कोलांट्या खात लांब जाऊन पडला होता. पलंगाच्या कडेवर बसलेल्या दौलतने हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“पप्पा, कुठं लागलं का?” पूर्वीने विचारलं.

“नाही.”

“मग उठा. बघा, तो पण उठला. तिकडे आई साडीला फॉल लावतेय, इकडे तुम्ही फॉल होताय.”

पडलेला माणूस खरोखरच उठून गाडीवर बसला होता. कपड्यांना माती नाही, गाडीला ओरखडा नाही. कमलने आता मान वर करून पाहिलं. तिला ते काही बरं वाटलं नाही. माणूस पडतो तेव्हा निदान काही वेळ तरी त्याने पडून राहावं, असं तिचं मत होतं.

दौलत घाडीचं भित्रेपण हा लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांच्या करमणुकीचा विषय होता. रस्ता ओलांडायचा म्हटलं की तो शेजारी उभ्या असलेल्या कुणाचंही कोपर धरायचा, ओळख असो वा नसो. समोरच्या फुटपाथवर जायला दौलत पंचांग बघतो, असं शेजारचा वसंत सगळ्यांना सांगायचा. लग्नानंतर पहिल्यांदा गिरगावात आत्याकडे जाताना त्याने भर रस्त्यात कमलचं कोपर घट्ट पकडलं, तेव्हा ती लाजली होती. नवरा रसिक निघाला म्हणून दिवसभर खुशीत होती. खरा प्रकार तिला परतताना कळला.

असा हा माणूस अर्धं आयुष्य रस्त्यावरच काढत आला होता. परळच्या एका लॅबमध्ये तो कामाला होता. दादर, परळ, गिरगावच्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या पिशवीत घालून खांद्याला लावायच्या आणि लॅबमध्ये आणून द्यायच्या, हे त्याचं काम. सगळं पायी, नाहीतर बसने. मग लॅब दुसऱ्या कंपनीने घेतली आणि उन्मेष नावाचा नवा मॅनेजर आला.

“दौलतकाका, तुमच्याबद्दल कंप्लेंट नाहीये,” उन्मेष म्हणाला होता. “पण आता सँपल फटाफट मशीनवर लागायला पाहिजे. बाइक कंपनी देतेय. दिवाळीपर्यंत शिकून घ्या. नाय जमलं तर मग माझ्या हातात काही नाही बघा.”

त्या संध्याकाळी दौलत पायांतले बूट न काढताच पलंगावर बसून राहिला. ह्या वयात दुसरीकडे कोण घेणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि कमललाही. लेकीच्या लग्नाचं बघायला नुकती कुठं सुरुवात झाली होती. शिवणाच्या पैशांत घर चालणार नव्हतं. मोटरसायकल म्हणताच त्याची पाचावर धारण बसली होती.

तोडगा पूर्वीने काढला. ती लोअर परळच्या एका मॉलमधल्या दुकानात कामाला होती आणि तिथल्याच एका मैत्रिणीकडून तिने व्हिडिओ गेम खेळायचं जुनं मशीन घेतलं होतं. त्यात मोटरसायकलच्या शर्यतीचा गेम होता.

“पप्पा, आधी ह्याच्यावर शिका. रस्त्यावर डायरेक्ट नको,” ती म्हणाली. “भीती गेली की निम्मं काम होतं.”

सुरुवातीला तो सरळ रस्त्यावरही पडायचा. मग हळूहळू पडणं कमी झालं. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात शिरल्यावर नाही, हे त्याला समजलं. नजर चाकापुढे न ठेवता वळण संपतं तिथं ठेवायची, तेही समजलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा गोल नकाशा असायचा. मागून येणाऱ्या गाड्या त्यात ठिपक्यांसारख्या दिसायच्या. उजवीकडे ठिपका आला की दौलत डावीकडे सरकायचा, डावीकडे आला की उजवीकडे. मान हलवायची गरजच नव्हती. कामावरून आला की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पडद्यासमोर बसायचं, असा त्याचा नेम झाला. चाळीतली पोरं दारात गर्दी करू लागली. काही दिवसांनी दौलत त्यांना हरवू लागला. तेव्हा वसंत म्हणाला, “दौलत, तू तर एकदम रेसर झालास रे.” दौलत मोठ्याने हसला. इतकं मोठ्याने हसताना कमलने त्याला याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिला आनंद झाला, आणि थोडी धास्तीही वाटली.

वडाळ्याच्या मैदानात शिकवणारा माणूस चकितच झाला.

“काका, खरं सांगा. गावाला चालवत होता ना?”

“नाय ओ. घरात चालवत होतो,” दौलत म्हणाला, आणि तो माणूस हसत सुटला.

लायसन्स आलं. दसऱ्याला कंपनीच्या मोटरसायकलला झेंडूचा हार पडला, चाकाखाली लिंबू आलं. संध्याकाळी दोघं फुलं आणायला बाहेर पडली. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा कमलने सवयीने कोपर पुढे केलं. दौलत तोवर रस्त्यात उतरलाही होता. हात वर करून, एका टॅक्सीला थांबवत, इकडेतिकडे न बघता तो पलीकडे गेला आणि तिकडून तिला “ये ना” म्हणून खुणावू लागला. कमल काठावरच उभी राहिली. भीती गेली की माणूस शहाणा होतो असं सगळे म्हणत होते. तिला मात्र वाटलं, आजवर ह्याला जपलं कुणी असेल तर त्या भीतीनेच.

मग एकेक गोष्ट तिच्या नजरेला येऊ लागली. एक दिवस पँट गुडघ्यावर घासलेली होती. एक दिवस गाडीचा डावा आरसा वाकलेला.

“हे काय?”

“पार्किंगमध्ये कुणीतरी पाडली असेल.”

“आणि कोपराला काय झालं?”

“तुझं आपलं कायतरीच,” दौलत म्हणाला आणि आंघोळीला गेला. खोटं बोलायचीही त्याला आता भीती उरली नव्हती.

एका रविवारी तो तिला मागे बसवून दादरला घेऊन गेला. गाडी तो खरोखर चांगली चालवत होता, हे तिलाही कबूल करावं लागलं. धक्का नाही, हिसका नाही. पण त्याचं हेल्मेट तिच्या डोळ्यांसमोरच होतं, आणि ते वळत नव्हतं. हिंदमाताच्या पुढे तो उजवीकडे सरकला तेव्हाही वळलं नाही, डावीकडे घुसला तेव्हाही नाही. मागून एक बस इतकी जवळून गेली की कमलच्या पदराला वारा लागला.

“अहो, मागे बघत का नाही तुम्ही?”

“आरसा आहे ना.”

“आरशात तरी कुठं बघताय? मी काय आंधळी आहे?”

 घरी आल्यावर तिने विषय लावून धरला तेव्हा जरा ओशाळून म्हणाला, “लक्षात राहत नाही गं. पुढचं सगळं दिसतं मला. मागे कुणी असेल हे डोक्यातच येत नाही. तिकडे कोपऱ्यात ठिपके दिसायचे.”

कमलने त्या रात्री शिवण हातात घेतलं नाही. नोकरी सोडा म्हणण्यात अर्थ नव्हता. त्याला पुन्हा भित्रा करणंही तिच्या हातात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो आनंदी होता, त्याचाही तिला मोह पडला होता. सकाळी तो निघाला तेव्हा तीही चपला घालून तयार होती.

“तू कुठं?”

“तुमच्याबरोबर. पिशवी मी मांडीवर घेते. उजवीकडून कोण आलं तर उजव्या खांद्यावर थाप मारेन, डावीकडून आलं तर डाव्या. थाप पडली नाही तर समजा मोकळं आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“आजवर काय कमी म्हणाले?”

आणि खरंच तसं सुरू झालं. फॉल-पिको करणारी, पन्नाशीला टेकलेली बाई रोज सकाळी नवऱ्यामागे मोटरसायकलवर बसून दवाखान्यांच्या फेऱ्या मारू लागली. मांडीवर लोकांच्या रक्ताची थंडगार पिशवी, आणि मान सतत मागे. उजवी थाप, डावी थाप. दौलतला ते इतकं अंगवळणी पडलं की थाप पडायच्या आतच तिच्या हाताची हालचाल त्याला कळायची. आरसे पुन्हा सरळ राहू लागले, पँट फाटेनाशी झाली. दुपारी गिरगावात एखाद्या दुकानात दोघं मिसळ खायची. लग्नानंतर इतके दिवस सलग आपण बरोबर असे कधी फिरलो नव्हतो, हे कमलच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

उन्मेषला कुणीतरी सांगितलं असणार. एक दिवस तो लॅबच्या फाटकाशी उभाच होता.

“काकू, प्लीज राग मानू नका. पण कंपनीच्या गाडीवर घरचं माणूस नाही चालत. उद्या काही झालं तर माझ्या अंगावर येईल.”

“काही होऊ नये म्हणूनच बसते रे मी.”

“मला कळतं. वरच्यांना कसं समजावू?”

तो वाईट मुलगा नव्हता. कमलने पिशवी दौलतच्या हातात दिली आणि चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिने त्याला दारात अडवलं. “मान वळवून बघाल ना?”

“बघेन गं.”

“शपथ?”

“शपथ. आता मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

संध्याकाळी तो आला की ती विचारायची, “बघितलंत?” तो म्हणायचा, “बघितलं.” पण गॅलरीतून तिला चाळीचं फाटक दिसायचं. दौलत फाटकातून बाहेर पडायचा, जरा थांबायचा आणि सरळ गाड्यांच्या गर्दीत शिरायचा. त्या थांबण्याचा तिला काही अर्थ लागेना. मान तर तो वळवत नव्हता. मग कसली वाट बघत होता? ज्या दिवशी तिला ते कळलं त्या दिवशी तिने कठडा गच्च धरला. खांदे जरासे वर उचलून, तो तिच्या थापेची वाट बघत होता. थाप पडली नाही की मोकळं समजून निघत होता.

ती जिन्यावरून धावत खाली गेली, पण तोवर तो पुढच्या सिग्नलपलीकडे गेला होता. फोन लावला, तर त्याने तो उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्याला तिनेच बजावलं होतं.

दुपारच्या आत उन्मेषचा फोन आला. “काकू, लगेच इस्पितळात या,” एवढंच तो म्हणाला.

इस्पितळ परळमध्येच होतं. बाहेर बाकावर बसलेला हवालदार कमलला बघून उठून उभा राहिला. “ताई, पुलाखाली लेन बदलली त्यांनी,” तो हळू आवाजात म्हणाला. “मागून टेम्पो येत होता. हॉर्न पण मारला त्याने. पण काकांनी मागे बघितलंच नाही.” कमलने मान हलवली. तिला ते सांगायची गरज नव्हती.

छातीला मार लागला होता. आतून रक्त जात होतं आणि डॉक्टर ऑपरेशनची तयारी करत होते. पूर्वी धापा टाकत आली तेव्हा कमल दौलतच्या तोंडाशी कान नेऊन वाकलेली होती. त्याचे ओठ हलत होते. पूर्वी जवळ येईपर्यंत कमल सरळ झाली.

“काय म्हणाले पप्पा?”

“पाणी,” कमल म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही. “पाणी मागतायत.”

सिस्टर म्हणाल्या, ओठ ओले करण्यापुरतं द्या. पूर्वी बाटली घेऊन धावली. त्या मजल्यावरचा नळ बंद होता, म्हणून ती खाली गेली. ती वर आली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता, आणि पडद्याबाहेर कमल एकटीच उभी होती.

तेरावं झालं. पाहुणे आपापल्या घरी गेले. पूर्वी कामावर जाऊ लागली, पण ती नीट जेवत नव्हती. रोज सकाळी ती गॅलरीच्या कठड्यावर पाण्याचा पेला भरून ठेवायची आणि बराच वेळ तिथंच उभी राहायची. कमलला वाटलं, दिवस गेले की कमी होईल. ते कमी झालं नाही. आपण त्या क्षणी पोरीला भलतंच काहीतरी सांगून बसलो, हे तिला रोज टोचत होतं.

एका सकाळी पूर्वी पेला तसाच हातात धरून बोलली, “लिफ्टसाठी थांबले गं मी. जिन्याने गेले असते तर वेळेवर आले असते. माझ्या बापाला शेवटचं पाणी पण नाही मिळालं.”

कमलने शिलाई मशीनवरचा पाय काढला.

“इकडे ये. बस.”

पूर्वी बसली.

“पाणी नव्हते मागत ते. मी खोटं बोलले तुझ्याशी.”

“मग?”

“गाडीवरच होते ते अजून. मला म्हणाले, थाप नाही पडली, मागे मोकळं आहे ना?”

पूर्वीने पेला दोन्ही हातांनी धरला. तिने विचारलं, “मग तू काय सांगितलंस?”

कमलने लेकीच्या हातातला पेला काढून घेतला आणि खाली ठेवला.

“मोकळं आहे म्हटलं. सावकाश जावा.”