माझा नंबर रंगाखाली आहे

“आधी नंबर बघा, मग तोंड उघडा!” लष्कराच्या वर्कशॉपमधले मुकादम नव्या मेकॅनिकांना रोज बजावायचे. मित्रांनो, मी त्याच वर्कशॉपमधलं एक जुनं इंजिन आहे. ते मुकादम आज इथे असते, तर माझे असे हाल झाले नसते.

सध्या मी एका गॅरेजच्या मागच्या अंगणात, दोन ओंडक्यांवर बसलो आहे. मालकांनी मला लिलावातून आणलं. मी कोणत्या गाडीचा ते कळलं, तर जुन्या लष्करी गाड्या जपणारी मंडळी मला नेतील. नाही कळलं, तर उद्या सकाळी भंगार वितळवणाऱ्या भट्टीचा ट्रक नेईल.

तसा मी ऐरागैरा नाही हो! जखमींना नेणाऱ्या गाडीत मी होतो. चढावर धापा टाकल्या, पण बंद पडलो नाही. “शाबास रे गड्या!” म्हणून ड्रायव्हर माझ्यावर थाप मारायचा. पुढे एकेक भाग झिजला. वर्कशॉपमध्ये हाताशी असेल ते बसवत. त्यामुळे माझं हेड, म्हणजे डोकं, ट्रकचं, कार्बुरेटर जनरेटरचा आणि पाण्याचा पंप बोटीचा. धड तेवढं माझं. त्यावर, स्टार्टरच्या खालच्या अंगाला, माझा नंबर ठोकलेला आहे. पण दर तपासणीआधी साहेबांना सगळं हिरवंगार चकचकीत हवं असे. रंगावर रंग चढला आणि नंबर बुजला.

आठवडाभर जाणकार येताहेत. पहिले जाणकार हेड बघून म्हणाले, “ट्रक!” दुसऱ्यांनी पंपावर टिचकी मारली. “छे हो, बोट! डोळे मिटून सांगतो.” मिटूनच सांगत होते! तिसऱ्यांना जनरेटर दिसला. आज तर तिघेही माझ्याच डोक्यावर चहाचे कप ठेवून भांडले.

समोरच्या खिडकीत मालकांचे वडील बसतात. चाळीस वर्षं त्यांनी लष्करी इंजिनं उघडली. आता डोळे गेले आहेत, पायही चालत नाहीत. ते ओरडले, “अरे, नंबर पाहिलात का?”

“अण्णा, तुम्हाला दिसत नाही, कशाला मध्ये पडता?” मालक वैतागले.

“मला दिसत नाही. तुम्हाला काय झालंय?”

जाणकार हसले, कप ठेवून निघून गेले. हसल्या नाहीत त्या एकट्या अक्का. मालकांच्या थोरल्या बहीण. गॅरेजमधले सुटे भाग रॉकेलने धुतात.

“सोमवारी मी अण्णांना शब्द दिला होता,” त्या हळूच म्हणाल्या. “‘मला त्याच्यापाशी ने, माझ्या हाताला कळेल,’ म्हणाले होते. पाच दिवस झाले रे.”

“अगं अक्का, तीन जाणकारांना जमलं नाही!”

“तिघांपैकी एकाने तरी हात काळे केले का?”

मालकांनी माझ्या डोक्यावरचे कप उचलले. माझा तर जीव भांड्यात पडायचा तेवढा राहिला!

मित्रांनो, यंत्रं जपा, हे मी सांगेनच. पण ज्यांनी ती हाताने जपली, त्यांना आधी विचारा. आम्हाला अडगळीत टाकता ते टाकता, त्यांना तरी टाकू नका.

अक्कांनी हात स्वच्छ पुसले, देवाचं नाव घेतलं. भिंतीला टेकवलेली फळी उचलून चाकांच्या खुर्चीसाठी पायरीवर उतरती टाकली, आणि काही न बोलता अण्णांना आणायला आत गेल्या.