घड्याळजींच्या डोक्याचं झाकण

या मंडळी, असे जवळ सरका, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. एका घड्याळजींची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका, देव रागावत नाही.

तर या घड्याळजींचं डोकं दुपारी बरोबर सव्वातीनला दुखायचं. दुखायचं म्हणजे कसं? उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेला खिळा ठोकतंय असं! डोळा लाल, त्यातून पाण्याची धार, नाक वाहतंय, आणि एरवी स्टुलावरून न हलणारा हा माणूस दुकानभर येरझारा घालतोय. तासाभरात सगळं ओसरायचं. दीड महिना हा छळ, मग वर्षभर त्याचं नाव नाही. समोरचा शिंपी तर येरझारा सुरू झाल्या की आपलं घड्याळ लावून घ्यायचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत काही सापडत नाही. पण क्वचित एखादी गाठ हुबेहूब हेच सोंग घेते. एकदा एमआरआय करून घ्या."

गाठ म्हटल्याबरोबर घड्याळजी घाबरले. पण कबूल कोण करतो? घरी येऊन बायकोला म्हणाले, "मिनिटाचाही फरक न पडता येतं माझं दुखणं. आत बिघाड असता तर वेळ चुकली नसती का? उगाच कशाला उघडून बघायचं?"

"अहो, हे तुम्ही बोलताय? नुसता पट्टा बदलायला आलेल्या घड्याळाचंही मागचं झाकण काढता तुम्ही. गिऱ्हाईक कटकट करतं, तरी काढता."

"आत गंज धरलाय का, ते काटे सांगत नाहीत गं."

बोलून बसले आणि आपल्याच शब्दांत सापडले. मग हळूच म्हणाले, "आणि गंज निघाला तर?"

त्या माउलीचा आवाज खाली आला. "तर मी आहे ना. पण न बघता रोज सव्वातीनला जीव मुठीत धरून बसणं मला जमायचं नाही."

गेले एकदाचे एमआरआयला. तिथल्या मुलीने बजावलं, "काका, आत मोठं चुंबक आहे. अंगावर धातू नको."

"छे, काही नाही!" घड्याळजी छातीठोकपणे म्हणाले. कपडे बदलताना शर्टाच्या बाहीची घडी उलगडली, तर टपटप बारीक स्क्रू खाली! झालं, दवाखान्याचा झगा घालून स्वारी जमिनीवर रांगायला लागली.

"काका, चला ना!"

"थांब गं बाळा, अजून एक सापडायचाय. दोन महिने शोधतोय!"

"अहो, आधी डोक्यातले मोजून घ्या," बायको दारातून ओरडली.

चार दिवसांनी निकाल आला. मेंदू स्वच्छ. दुखणं काही त्याने पळालं नाही. त्यासाठी गोळ्या आल्या, ऑक्सिजनचा मास्क आला. पण घड्याळजींची भीती गेली, आणि बायको सव्वातीनला सुखाने पेपर वाचू लागली.

निकालाच्या दिवशी दवाखान्यात बाकावर शेजारी एक बसड्रायव्हर होता. दुखणं तेच, कागद मात्र वेगळा आला. त्याने तो दोनदा वाचला, नीट घडी केली आणि म्हणाला, "बरं झालं, बघितलं." त्याच्या गाठीचं ऑपरेशन व्हायचंय. मंडळी, आज हात जोडाल तेव्हा स्वतःसाठी मागून झालं की त्या बसड्रायव्हरची आठवण ठेवा.