बाहेरची खुर्ची

धाकटीनं व्हायोलिन हातात धरलं सहाव्या वर्षी आणि पान उलटायला घेतलं सत्ताविसाव्या. पहिली विद्या यायला एकवीस वर्षं लागली, दुसरी एका सकाळच्या तालमीत आली. नोकरी मात्र टिकली ती दुसरीवर.

शिक्षणात कसूर नव्हती. मास्तरांनी पहिले आठ महिने तिला भिंतीला खेटून उभं केलं आणि नुसता गज ओढायला लावला. कोपर मागं गेलं की भिंतीवर आपटायचं. मास्तरांना बोलायचे कष्ट पडत नसत. आई दवाखान्यात नर्स. ड्यूटी संपली की ती गणवेशातच बाहेरच्या बाकावर येऊन बसायची आणि आपटण्याचे आवाज मोजायची. "आज अकरा. काल चौदा होते. प्रगती आहे." पुढं संगीत महाविद्यालय झालं, पदक झालं, तीन शहरांत एकटीचे कार्यक्रम झाले. एका वर्तमानपत्रानं तर फोटोही छापला, खाली नाव दुसऱ्याच बाईचं. मग सरकारी वाद्यवृंदात जागा मिळाली आणि कौतुक संपलं.

वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवाल्यांत स्वरलिपीच्या पानांचा एक स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, पलीकडचा तो आतला. पान संपत आलं की आतल्यानं वाजवणं थांबवायचं, व्हायोलिन हनुवटीखाली दाबून डाव्या हातानं पान उलटायचं आणि पुढच्या पानावर दोन मात्रा निघून गेल्या की धावत गाडी पकडायची. बाहेरचा वाजवतच राहतो. संगीतात खंड पडू नये म्हणून ही सोय. कोणाच्या संगीतात, ते कुठं लिहिलेलं नाही.

धाकटी आतली. बाहेर बसायचे काका. काका म्हणजे कुणाचेच काका नव्हेत. सगळा वाद्यवृंद त्यांना काका म्हणायचा, कारण ते कुणावर चिडत नसत. चिडायचं कारणच पडलं नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांच्यासमोर पान आपोआप उलटत होतं.

या उन्हाळ्यात काका निवृत्त व्हायचे होते. बाहेरची खुर्ची रिकामी झाली की आतल्यानं सरकायचं, हा रिवाज. धाकटीनं दिवस मोजायला घेतले आणि नेमकी तेव्हा फळ्यावर सूचना लागली: या वेळी जागा खुल्या चाचणीनं भरणार. म्हणजे कुणीही नवखा येऊन बाहेर बसणार आणि धाकटी आणखी बारा वर्षं त्याची पानं उलटणार.

"दे की चाचणी," आई म्हणाली. "तुला काय कमी येतंय?"

"प्रश्न येण्याचा नाही. माझी खुर्ची मी पुन्हा मागायची?"

"मागू नकोस. घे. आणि कपाळाला त्या आठ्या घेऊन जाऊ नकोस."

"पडदा असतो, आई. कुणाला दिसत नाही."

"मग ने."

चाचणी पडद्याआड होते. पलीकडं पाच परीक्षक. उमेदवारानं बोलायचं नाही, खाकरायचं नाही. पावलांवरून बाई की पुरुष कळू नये म्हणून खाली जाड सतरंजी. नाव नाही, नुसता क्रमांक. धाकटी सातवी. दिलेली सहाही पानं तिनं दोन स्टँड जोडून शेजारीशेजारी मांडली होती. उलटायला काही ठेवलंच नव्हतं.

पहिलं पान असं वाजलं, की पडद्यापलीकडची कुजबुज थांबली. पान संपत आलं. आणि धाकटीचा डावा हात व्हायोलिन सोडून उठला, पुढं गेला, हवेत एक पान उलटलं आणि परत आला. चार मात्रा गेल्या. दुसऱ्या पानाला ती घाबरली, म्हणून हात आणखी लवकर उठला. तिसऱ्याला तिनं हाताला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो शिव्या खाऊन उठला.

"क्रमांक सात, धन्यवाद." तिथं आभार मानले की घरी जायचं असतं.

बाहेर व्हरांड्यात काकांची गाठ पडली. तेही परीक्षकांत होते.

"अगं, मी लगेच ओळखलं! पहिल्याच पानाला. शेजाऱ्याला म्हणणार होतो, ही आपलीच."

"म्हणालात?"

"छे! नि:पक्षपाती राहायला नको? ते विचारत होते, स्वर का गाळतेय. मी आपला गप्प."

"तुम्हाला माहीत होतं का गाळतेय ते."

"मला नाही तर कुणाला? एकोणीस वर्षं! कधी पानाचा आवाज म्हणून आला नाही. असं पान उलटणारं माणूस मिळत नाही गं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हायोलिनची पेटी हातात नसती तर दुसरं काहीतरी हातात घ्यावं लागलं असतं. ती तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत शिरली आणि इजेचा फॉर्म मागितला. कामामुळं शरीराला इजा झाली असेल तर चाचणी पुन्हा घ्यावी, असं नियमावलीत आहे. बहुधा ढोल अंगावर पडणाऱ्यांसाठी.

"कुठं लागलंय?" व्यवस्थापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"डावा हात."

"दिसत नाही काही."

धाकटीनं पेटी उघडली आणि उभ्या उभ्या वाजवायला लागली. पान संपायच्या जागी हात उठला आणि टेबलावरचा रजेचा अर्ज उलटा करून परत आला.

"हे तुम्ही मुद्दाम करताय."

"मग धरून ठेवा."

व्यवस्थापकांनी खरंच मनगट धरलं. पुन्हा ती जागा आली आणि त्यांच्यासकट हात फायलींपर्यंत गेला. ते खुर्चीत बसले आणि फॉर्म पुढं ओढला.

"ताई, सोपं करू का? मी लिहितो, 'कर्मचारी पान उलटण्यास अपात्र.' अपात्र माणूस आत बसू शकत नाही. बाहेरची खुर्ची आपोआप तुमची. चाचणी नको, काही नको."

"खुर्ची मला द्याल, पण अधू म्हणून?"

"खुर्ची ती खुर्ची!"

"वाजवते म्हणून द्या. नाहीतर देऊ नका."

"पुन्हा हात उठला तर?"

"तर शेजारी बसेल त्याची पानं उलटीन. तुम्ही पुन्हा चाचणी लावा."

चाचणी आठ दिवसांनी ठरली. निवडीत पोचलेले दोघे आणि धाकटी. क्रमांक नव्यानं चिठ्ठ्या टाकून. त्या आठ दिवसांत आईच्या घरातली एक भिंत मोकळी करण्यात आली. धाकटी भिंतीला डावं कोपर टेकवून वाजवायची आणि आई बाजूला उभी राहून, हात उठला की नर्सच्या जुन्या अधिकारानं फटका मारायची.

"लागतंय!"

"लागायलाच हवं. एकोणीस वर्षं लागलं नाही म्हणून तर ही वेळ आली."

चाचणीला धाकटीनं स्टँड मागितलाच नाही. तिला दुसरा क्रमांक आला होता. सहाही पानं तोंडपाठ, समोर नुसता पडदा, आणि डोक्यात राग इतका की भीतीला जागा उरली नाही. पान संपायची जागा आली. हात तारांवरच राहिला. ज्या चार मात्रा तिनं एकोणीस वर्षं शेजारून नुसत्या ऐकल्या होत्या त्या तिच्या व्हायोलिनमधून निघाल्या, आणि निघाल्या त्या काही मऊपणानं नव्हे. पुढची पानं तिनं वाट न बघता घेतली.

पलीकडं कुणीतरी श्वास सोडला. मग काकांचा आवाज, त्यांना वाटत होता त्यापेक्षा मोठा:

"हा कोण बुवा? बाहेरचा कुणीतरी दिसतो. आपल्यात असं कोण वाजवतं?"

धाकटीनं तोंड उघडलं. नियम आठवला. तोंड मिटलं. सतरंजीवर पाय आपटला, पण ती जाड होती.

पाचपैकी पाच मतं पडली. दुपारी काका पेढीवरच्या शेठसारखे हात पसरून आले.

"तूच होतीस होय! मग इतकी वर्षं कधी वाजवलं नाहीस असं?"

धाकटीकडं उत्तरं बरीच होती, त्यातलं एकही काकांच्या वयाच्या माणसाला देण्यासारखं नव्हतं.

"काका, उठा. खुर्ची माझी आहे."

"शनिवारपर्यंत माझी आहे गं."

"निवड आजपासून लागू. फळ्यावर वाचा."

काकांनी खरंच जाऊन वाचलं, आणि येऊन आतल्या खुर्चीवर बसले. तालीम सुरू झाली. पहिलं पान संपत आलं, संपलं, तरी काका छान वाजवत होते. धाकटी पुढचं पाठ होतं ते वाजवत राहिली. चार मात्रांनी काकांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईनं हात घातला, तर दोन पानं एकदम आली आणि तिसरं जमिनीवर गेलं. सगळा वाद्यवृंद वळून बघायला लागला. संचालकांनी ताल दाखवायची काठी आपटून वादन थांबवलं.

"काय चाललंय तिथं?"

काका तिच्याकडं बघत होते, ती वाकेल म्हणून.

धाकटी गजाला राळ लावत बसली.