हवेत पाय लागला तर

अश्वजितनं माझं डोकं फिरायची वेळ आणली होती. पोरगं हुशार, अंगानं चपळ, उंचीला घाबरत नाही. पण नम्र! इतकं नम्र की एखाद्याचा जीव घेईल.

मी संघदीप. महूच्या छावणीतून रिटायर झालो, सगळी नोकरी पॅराशूट बांधण्यात आणि उड्या मारण्यात गेली. इकडे इंदुरात कापडाच्या मिल एकेक करून बंद पडल्या आणि तिकडे सियागंजच्या घाऊक बाजारातल्या सेठलोकांना नवा शौक लागला. "भिया, आपल्याला पण विमानातून कुदायचं आहे." आता एकटे कसे कुदणार? मग शिक्षकानं सेठला पट्ट्यांनी आपल्या छातीपुढे बांधायचं आणि दोघांनी मिळून उडी मारायची. शहराबाहेरच्या हवाईपट्टीवर असा क्लब निघाला आणि असे शिक्षक तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अश्वजित माझ्या दोस्ताचा, तात्यारावचा मुलगा. तात्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम होता. गेटला ताला लागला तेव्हा साहेब म्हणाले, दोन महिन्यांत चालू होईल. हा "हो जी" म्हणून घरी येऊन बसला. वर्षं गेली, हा बसलाच आहे! विचारायला जा म्हटलं की म्हणायचा, "साहेबांना असं तोंडावर कसं विचारायचं?" अरे, धन्य आहे तुझी! घर चालायचं तर आता अश्वजितला ही नोकरी मिळायलाच हवी होती, आणि मी पास केल्याशिवाय ती मिळणार नव्हती.

काम तसं सरळ आहे. बाहेर पडलं की पोट जमिनीकडे, मान वर, पाय मागे. शरीर स्थिर झालं की उजव्या हातानं छोटी छत्री फेकायची, ती दोघांचा वेग आवरते. मोठी छत्री त्यानंतर. पण पुढचा माणूस घाबरून पाय पोटाशी घेतो. तेव्हा आपल्या पायांनी त्याचे पाय अडकवून मागे ओढायचे, कपाळाला हात लावून मान वर करायची. नाहीतर दोघं गोलांट्या खात खाली, आणि गोलांट्यांत छत्री फेकली तर ती आपल्यालाच गुंडाळते. म्हणून परीक्षेत सेठच्या जागी मी लटकतो आणि मुद्दाम घाबरतो.

पहिल्या उडीत मी पाय पोटाशी घेतले. अश्वजितनं पाय टाकला, त्याचा बूट माझ्या नडगीला लागला. आणि या शहाण्यानं काय करावं? छत्री फेकायचा तो उजवा हात काढून माझ्या मांडीला लावला आणि मग स्वतःच्या छातीला! काकांना पाय लागला ना, म्हणून नमस्कार! एक हात आत गेला तसे आम्ही भोवऱ्यासारखे फिरायला लागलो. छोटी छत्री फेकेपर्यंत किती खाली आलो होतो ते मलाच ठाऊक.

जमिनीवर मी त्याला जे झापलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "जी काका. आदत आहे काका."

"आदत घरी ठेवून ये! वर तू माझा मालक आहेस, मी गठ्ठा आहे. गठ्ठ्याला कोणी नमस्कार करतं का?"

"नाही काका," म्हणाला आणि दुसऱ्या उडीत परत तेच! मी रात्री बायकोजवळ कपाळ बडवून घेतलं. खरं सांगू, मला राग कमी आणि भीती जास्त होती. पास केला तर एखाद्या सेठला घेऊन मरेल, नापास केला तर तात्याच्या घरी चूल कशी पेटेल?

क्लबवाल्यांनी शेवटची एक उडी दिली. त्या दिवशी तात्याही बघायला आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी ठरवलं, आज दया नाही. बाहेर पडताच गुडघे पोटाशी घेतले, वर त्याचा उजवा हातच गच्च धरला. क्षणभर तो थांबला. मग कानात असा ओरडला, "छोड! छोड ना यार!" माझा अंगठा पिरगळून हात सोडवला आणि नडगीवर अशी लात घातली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझे पाय मागे गेले, कपाळाला पंजा लागला, मान वर. आम्ही स्थिर झालो आणि छोटी छत्री वेळेवर निघाली. मग मोठीही.

शांत झाल्यावर मागून रडका आवाज आला, "काका, माफ..."

"चूप! जमीन बघ!"

उतरल्यावर मी लंगडत होतो. तात्या धावत आला. "संघदीप, काय झालं रे?"

"तुझ्या पोरानं लात मारली. पास झाला."

तात्याचा चेहरा उतरला. "काकांना लात मारली? हेच शिकवलं का मी तुला?"

अश्वजित माझे पट्टे सोडत होता. या वेळी मान वर होती. "मारली, बाबा. परत वेळ आली तर परत मारीन."

तात्याचा हात उठला. मी मध्ये पडणार तेवढ्यात तो हात आपोआप खाली आला. तात्या माझ्या सुजलेल्या नडगीकडे बघत उभा राहिला.

"संघदीप," तो म्हणाला, "मिलच्या गेटवर मलाही कोणीतरी अशी एक घालायला हवी होती."